लॅपटॉप स्लो झाला म्हणून टाकू नका: दुरुस्ती, अपग्रेड आणि नवी खरेदी, सगळी माहिती एका ठिकाणी

बारावीचा निकाल लागला, ॲडमिशनची धावपळ सुरू झाली की घराघरांत एक विषय हमखास निघतो. मुलगी म्हणते, कॉलेजला लॅपटॉप लागणारच. अब्बा म्हणतात, घरात आहे त्याला काय झालंय? घरातला लॅपटॉप चालू व्हायलाच पाच मिनिटं घेतो, हे त्यांनाही माहीत असतं. मग कुणीतरी दुकानदार सांगतो, "हा आता संपला, नवीनच घ्या." आणि तीस-चाळीस हजारांचा खर्च डोक्यावर बसतो.

आमच्या घरीही असंच झालं होतं. २०१७ सालचा लॅपटॉप, चार जीबी रॅम, आत साधी हार्ड डिस्क. एका दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच नवीन घ्यायला सांगितलं. नंतर नात्यातल्या एका मुलानं तो उघडला, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅमची आणखी एक पट्टी टाकली. तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात चालू व्हायला लागला आणि त्यावर एका पोराचं पूर्ण ग्रॅज्युएशन झालं.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, आपल्या या पाचही तालुक्यांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथं एका लॅपटॉपवर तीन भावंडं शिकतात. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहोत. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: नवा घेण्याआधी जुना उघडून बघा, आणि नवा घ्यायचाच झाला तर उद्या उघडून वाढवता येईल असा घ्या.

आधी रोग ओळखा

लॅपटॉप स्लो होण्याची कारणं बहुतेक वेळा चारच असतात: जुनी हार्ड डिस्क, कमी रॅम, धुळीनं भरलेला फॅन आणि नको ते सॉफ्टवेअर. प्रोसेसर सहसा बिघडत नाही.

हे घरी तपासता येतं. लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचं काम करताना त्यात डिस्कचा आकडा सारखा शंभर टक्क्यांवर असेल तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा. मेमरीचा आकडा ऐंशी-नव्वदच्या पुढे राहत असेल तर रॅम कमी पडते. त्याच खिडकीत परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक केलं की रॅमचे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत तेही दिसतं. दुकानात जाण्याआधी या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गिऱ्हाईक माहिती घेऊन आलंय हे कळलं की बोलणंही सरळ होतं.

एसएसडी: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई माहिती शोधते. ती सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, आणि लहान-लहान फायली इकडेतिकडे विखुरलेल्या असल्या की त्याहून खूप कमी. एसएसडीत फिरणारा भागच नाही. साध्या साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, एनव्हीएमई प्रकारची हजारांच्या घरात. घरगुती कामात या दोन एसएसडींमधला फरक फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येण्याचा फरक मात्र पहिल्याच दिवशी दिसतो.

घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, जागा कुठली आहे. साधारण २०१६-१७ च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसते. नंतरच्या पुष्कळ मॉडेलमध्ये एम डॉट टू नावाची पट्टीसारखी जागाही असते. पण ती जागा साटा चालवते की एनव्हीएमई, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून पक्कं करा, मगच पैसे द्या.

दुसरी, किती जीबी. अभ्यास, फॉर्म, ऑफिसची कामं यांना २५६ जीबी पुरते. व्हिडिओ, फोटो किंवा प्रोग्रॅमिंग असेल तर ५१२ घ्या.

तिसरी, विंडोजचं लायसन्स. लॅपटॉप मूळ विंडोजसह घेतला असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. डिस्क बदलली तरी ते जात नाही. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप चालू होतं. त्यामुळे "विंडोजचे वेगळे पैसे लागतील" असं कुणी म्हटलं तर हे विचारा. टाकण्याची मजुरी घेणं ठीक आहे, पण चोरीचं क्रॅक विंडोज मशीनमध्ये घालून घेऊ नका. व्हायरस बहुतेक वेळा तिथूनच येतात.

काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर फेकू नका. यूएसबीचं केसिंग आणून तीत बसवली की बॅकअपसाठी डिस्क तयार झाली.

रॅम: घेण्याआधी जात बघा

रॅमच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तिघींचे खाचे आणि व्होल्टेज वेगवेगळे. डीडीआर३ मध्येही लॅपटॉपला अनेकदा कमी व्होल्टेजची, म्हणजे डीडीआर३एल लागते. जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल दुकानदाराला दाखवणं हा सोपा मार्ग.

चार जीबीची आठ केली की फरक दिसतो. अभ्यासाच्या आणि ऑफिसच्या कामाला आठ पुरते. सोळा लागते ती प्रोग्रॅमिंग, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना. विंडोज ३२-बिट असेल तर ते चार जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, आधी ६४-बिट टाकावं लागतं.

आणखी एक. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती कधीच वाढवता येत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चांगलेच वाढले आहेत, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरकडे हा माल जातोय. त्यामुळे भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. जुनी पण चालू रॅम एखाद्या ओळखीच्याकडे पडून असेल तर तीही चालते.

विंडोज १० बंद झालं, आता काय?

विंडोज १० चे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव अपडेटची योजना आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असं नाही. पण अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेची कामं आणि आधारशी जोडलेले व्यवहार करणं धोक्याचं आहे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. प्रोसेसर साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा, किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा किंवा पुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप आहे, ते चालवलं की आपला लॅपटॉप बसतो की नाही ते लगेच कळतं.

बसत नसेल तरी मशीन भंगारात घालू नका. लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम चार जीबी रॅमवर नीट चालते. त्यात ब्राउझर, व्हिडिओ क्लास, फॉर्म भरणं, लिब्रेऑफिसमध्ये टायपिंग, सगळं होतं. आमचा २०१७ चा लॅपटॉप आता यावरच आहे आणि धाकट्यांच्या अभ्यासाला वापरला जातो. मात्र टॅली किंवा ऑटोकॅड त्यावर सरळ चालत नाहीत, ही मर्यादा ध्यानात ठेवा.

नवा घ्यायचाच असेल तर

पहिला सल्ला: ॲडमिशन होईपर्यंत थांबा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कॉलेजात बीए-बीकॉम करणाऱ्याला जे लागतं आणि नांदेडला इंजिनिअरिंग करणाऱ्याला जे लागतं, त्यात मोठा फरक आहे. नीट किंवा सीईटीची तयारी चालू असताना लॅपटॉपची घाई तर अजिबात नको.

बीए, बीकॉम, डीएड, टॅली, एमएस-सीआयटी: आय३ किंवा रायझन ३, आठ जीबी रॅम, २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडी.

बीसीए, बीएससी कॉम्प्युटर, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: आय५ किंवा रायझन ५, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. सुरुवातीला आठ जीबी घेतली तरी चालेल, पण एक स्लॉट रिकामा असलाच पाहिजे.

सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चर, व्हिडिओचं काम: सोळा जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. पण आधी सीनियर विद्यार्थ्यांना विचारा. पुष्कळदा पहिल्या वर्षी त्याची गरजच पडत नाही.

दुकानदार "आय५ आहे" एवढंच सांगतो. तेवढ्यावर जाऊ नका, पुढचा नंबर वाचा. आय५-१२३५यू मधले पहिले दोन आकडे, १२, म्हणजे बारावी पिढी. आय५-८२५०यू म्हणजे आठवी. शेवटी यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर ताकदवान पण जास्त तापणारा. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५३०यू आणि ७५२०यू ऐकायला सारखेच, पण ७५२०यू आतून जुन्या बनावटीचा आहे आणि त्याच्यासोबतची रॅम सोल्डरचीच येते.

अगदी स्वस्त म्हणून मिळणारे, सेलेरॉन प्रोसेसर आणि ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेजवाले लॅपटॉप टाळा. विंडोज अपडेटलाच त्यात जागा उरत नाही. त्याच पैशात चांगला जुना लॅपटॉप येतो.

वॉरंटीचा प्रकारही विचारा. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर घरी येतो, कॅरी-इन म्हणजे आपण सर्व्हिस सेंटर गाठायचं. सेनगावच्या माणसाला कॅरी-इन वॉरंटी म्हणजे प्रत्येक वेळी नांदेडसारख्या मोठ्या शहराची फेरी आणि एक दिवसाची मजुरी बुडणं. ऑनसाइट सेवा आपल्या पिनकोडला मिळते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

सेकंडहँड घेताना

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि तिथून आपल्याकडच्या दुकानांत येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिका मजबूत असतात, उघडायला सोप्या असतात आणि त्यांचे पार्ट मिळतात. आठव्या पिढीच्या पुढचा असा लॅपटॉप विद्यार्थ्याला चार-पाच वर्षं आरामात जातो. फक्त घेताना एवढं करा:

१. तळाशी असलेला सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. मॉडेल आणि वॉरंटीची तारीख जुळली पाहिजे.

२. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि बायोसमध्ये जाऊन पाहा. तिथं पासवर्ड असेल तर सोडून द्या.

३. बॅटरी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा.

४. सगळी बटणं, यूएसबी पोर्ट, कॅमेरा, माइक, वायफाय चालवून बघा. पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर डाग आहेत का बघा. अर्धा तास व्हिडिओ लावून ठेवा आणि किती तापतो ते हातानं पाहा.

५. सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो घेणं किंवा ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. बिल नसलेला स्वस्त लॅपटॉप घरात पोलिसांची चौकशी घेऊन येऊ शकतो.

हप्त्याचा हिशोब

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे व्याज नाही, असं पुष्कळांना वाटतं. २०१३ सालीच रिझर्व्ह बँकेनं शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर आक्षेप घेतला होता, कारण व्याज दुसऱ्या नावानं वसूल केलं जात होतं. आजच्या योजनेत साधारण असं होतं: समजा लॅपटॉप ४०,००० चा आहे आणि व्याज २,५०० होतं. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते आणि बँक तेवढंच व्याज हप्त्यांत घेते. म्हणजे कागदावर व्याज असतंच. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५० रुपये, आपल्याच खिशातून जातात. प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही.

व्याजापासून दूर राहायचं असलेल्या घरांनी हे कागद सही करण्याआधी वाचावेत आणि शंका असेल तर जाणकार आलिमांना दाखवावेत. नात्यात कर्ज-ए-हसना मिळत असेल, किंवा सहा महिने थांबून पैसे साठवता येत असतील, तर तोवर जुना लॅपटॉप एसएसडी टाकून चालवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आपल्याकडचं ऊन, धूळ आणि वीज

बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. म्हणून जड काम सकाळी किंवा रात्री करा. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या गोधडीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी बंद होते. लाकडी पाट किंवा दोन पुस्तकं खाली ठेवली तरी हवा खेळते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो कधीच ठेवू नका.

हळद वाळवण्या-पॉलिश करण्याच्या दिवसांत किंवा मळणी चालू असताना घरात बारीक धूळ भरते. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या तोंडावर, फॅन साफ करून घ्या. ब्लोअर मारताना फॅन बोटानं किंवा काडीनं धरून ठेवायला सांगा, नाहीतर उलटा जोरात फिरून तो खराब होतो. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली की तापणं बरंच कमी होतं.

बॅटरीला सगळ्यात जास्त त्रास उष्णतेचा आणि सतत शंभर टक्के भरून राहण्याचा होतो. पुष्कळ लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, कायम प्लगवर वापरणाऱ्यांनी ती चालू करावी. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. लगेच वापर थांबवा, तिला टोचू किंवा दाबू नका, कारागिराकडून काढून घ्या.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी बोर्डाचं अर्थिंग तपासा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात अडकवायची आपली सवय इथं नडते. विजा कडाडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चार्जर बदलताना व्होल्ट तेवढाच हवा, वॉट तेवढा किंवा जास्त चालतो. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला घेतलेला नकली चार्जर मदरबोर्ड घेऊन जातो.

उर्दू आणि मराठी टायपिंग

दोन्ही भाषांचे कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून असतात, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. सेटिंगमधल्या भाषेच्या विभागातून ते जोडता येतात. नस्तालीक अक्षरांसाठी विंडोजमध्ये उर्दू टाइपसेटिंग नावाचा फॉन्टही आहे. यूनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे मजकूर मोबाइलवर आणि ऑनलाइन फॉर्ममध्येही तसाच उमटतो.

विकताना, आणि फसवणूक झाली तर

जुना लॅपटॉप विकण्याआधी फायली नुसत्या डिलीट करू नका. आधार, पासबुक, घरातल्या बायका-मुलींचे फोटो पुन्हा काढता येतात. विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढून ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. जुनी हार्ड डिस्क असेल तर ती काढून घरीच ठेवणं उत्तम. पूर्ण बिघडलेली मशीन आणि बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत नको, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या.

खराब माल मिळाला किंवा वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, माल दिल्लीहून ऑनलाइन मागवला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. त्यासाठी लागतं ते बिल, वॉरंटी कार्ड आणि झालेल्या बोलण्याचे मेसेज. हे तिन्ही एका पिशवीत जपून ठेवा, आणि बिलाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.